पाय, मंग कंबर, मंग हात

आमच्या कॉलेजच्या बेसबॉल टीममधले चौघं कुठल्या लग्नात भेटलो, की पंगत उठते पण आम्ही उठत नाही. नव्वदच्या दशकात चंद्रपुरात बेसबॉल म्हणजे काय हे धड आम्हालाही ठाऊक नव्हतं, तरी टीम होती. मग किस्से साचणारच.

*

पहिल्याच मॅचमध्ये सुधीरनं बॉल मारला आणि बॅट घेऊनच पळाला. सगळं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलेलं. पहिल्या बेसवर बॅट टेकवली आणि दुसरी रन काढायला गर्रकन वळून परत आमच्याकडेच!

आमचे कोच बन्सोड सर कपाळावर हात मारून म्हणाले, "अबे, वापस कुठी येऊन राह्यला? गोल फिराचं असते!"

*

टीमची एकुलती एक बॅट तडकली, तेव्हा कॉलेजमागच्या रहीमचाचा सुतारांनी सागाची बॅट घडवून दिली. मूल गावी मॅचसाठी निघालो, तर जंगलनाक्यावर गार्डनं एसटी अडवली. "सागाचा माल हाय. पास दाखवा."

सर म्हणाले, "माल नाई साहेब, खेळाची बॅट आहे."

"मंग खेळून दाखवा."

सरांनी भर रस्त्यात उभं राहून बॅट फिरवून स्विंग दाखवला. गार्डनं नीट पाहिलं. "कंबर मस्त फिरते. जा."

रहीमचाचा आता नाहीत. ती बॅट माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा तिला तेल लावतो आणि उगाच दोन मिनिटं हातात धरून बसतो.

*

सरांचा सगळा जीव त्या स्विंगमध्ये. "पाय, मंग कंबर, मंग हात," हे ते हजेरी घेतानाही म्हणायचे. एकदा स्टाफरूममध्ये छत्री फिरवून दाखवताना प्रिन्सिपॉलसाहेबांचा चहाचा कप उडाला.

साहेब शर्ट पुसत म्हणाले, "बन्सोड, टायमिंग बरोबर होतं."

*

शंकर भामरागडकडचा, होस्टेलवर राहायचा. वडील जंगल खात्याच्या कामावर झाडं तोडायचे, सुट्टीत तोही सोबत. त्याला वनरक्षक व्हायचं होतं आणि भरतीसाठी राज्यस्तरावर खेळल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. ताकद भरपूर, पण बॉल यायच्या आधीच बॅट फिरून मोकळी.

सर म्हणाले, "कुऱ्हाड कशी मारते, दाखव." त्यानं दाखवली. पाय, मग कंबर, मग हात. सर खूश. "हेच पाह्यजे. फक्त झाड चालत येऊन राह्यलं असं समज."

शंकर विचारात पडला. "सर, चालत येनारं झाड मी नाई पाह्यलं."

मग सरांनी त्याला महिनाभर नुसतं उभं केलं. बॉल बघायचा, बॅट हलवायची नाही.

*

विभागाची फायनल. जिंकलो तर राज्यस्तर. शेवटची इनिंग, आम्ही एका रननं मागे, आमचा एक जण बेसवर, आणि बॅटिंगला शंकर. दोन स्ट्राइक झालेले, तिसरा हुकला की आऊट. मला तर बघवेना.

बॉल आला. शंकर थांबला, अजून थांबला, आणि कंबर फिरली. बॉल उंच गेला. आम्ही सगळे ओरडतोय, "पळ! पळ!" आणि हा पठ्ठ्या पाय रोवून, मान वर करून जागेवरच! ओरडून ओरडून सरांचा घसा बसला.

बॉल कुंपणापलीकडच्या मोहाखाली पडला. होमरन! तेव्हा कुठे शंकरनं बॅट हळूच खाली ठेवली आणि चारही बेसची फेरी मारून आला. राज्यस्तर पक्का झाला होता.

सरांनी डोळे पुसत त्याचा दंड धरला. "काऊन उभा राह्यला बे?"

"बाबानं शिकवलं हाय सर," शंकर म्हणाला. "झाड कुठी पडते ते पाह्यल्याबिगर पाय हलवाचा नाई."