बाबांच्या कमरेतलं निकेल

ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली बसने मला उतरवलं तेव्हा उजाडलं होतं, पण सूर्य कुठे दिसत नव्हता. मेट्रोच्या खांबांमध्ये धुरकं साचून राहिलं होतं. कराडहून बसून बसून माझे पाय सुजले होते. पिशवीत दोन साड्या होत्या, आईने बांधून दिलेल्या शेंगांच्या पोळ्या होत्या आणि औषधाची एक जुनी डबी. डबीत, कापसात गुंडाळलेला धातूचा एक वाकडा तुकडा होता. त्याच्यापायी हा प्रवास.

एकाहत्तरच्या लढाईत बाबांच्या कमरेत गोळी शिरली. ती हाडाशी इतकी रुतली होती की काढायला गेलो तर पाय जातील, असं डॉक्टर म्हणाले. ती तशीच राहिली. थंडीत बाबा सकाळभर उन्हाला पाठ करून ओट्यावर बसत आणि कुणी काही विचारलं की म्हणत, "पाहुणी कुरकुरतीय." गेल्या महिन्यात ते गेले. मला भाऊ नाही, म्हणून सावडायला (अस्थी गोळा करायला) मीच गेले. राखेत बोटांना ती लागली.

आईने ती धुऊन हातात घेतली आणि आजवर कुणाला न सांगितलेलं मला सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बाबा तापात बरळले होते, "समोरनं न्हाय आली. मागनं आली." ताप उतरल्यावर आईने विचारलं, तर म्हणाले, "तू काय ऐकलंच न्हाईस."

"मागं तर आपलीच मान्सं असत्यात की गं," आई मला म्हणाली. "कांबळे भावजींनी ह्यांना पाठीवर घालून आणलं. त्यांना ठावं असंल. जा, कुनाची व्हती ते इचारून ये."

कांबळेकाका म्हणजे बाबांच्या पलटणीतले जोडीदार. ते डोंबिवलीत कोपरला राहतात. माझा आतेभाऊ महेश याचं डोंबिवलीतच, मानपाड्याला, निकेल प्लेटिंगचं वर्कशॉप आहे. आधी त्याच्याकडे जायचं, मग काकांकडे, असं ठरलं होतं.

मी रिक्षावाल्याला 'मानपाडा' म्हणाले, त्याने 'बसा' म्हटलं आणि थोड्याच वेळात उंच टॉवरांच्या समोर मला उतरवलं. मी वर्कशॉपचा पत्ता दाखवला तसा तो कपाळाला हात लावून हसला.

"मॅडम, एमआयडीसी ना? तो मानपाडा डोंबिवलीचा. हा ठाण्याचा. रोज कोणीतरी चुकतंच."

त्यानेच मला मागे आणून शिळफाट्यावरून जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. रस्ता खणलेला, ट्रकमागे ट्रक. डावीकडच्या डोंगराचा अर्धा भाग खाणीने खाल्लेला होता. शेजारची बाई तोंडाला ओढणी बांधून झोपली होती. मी पिशवी पोटाशी धरून बसले. खिडकीची काच इतकी मळलेली होती की बाहेर सगळं दुखवट्यातल्या घरासारखं दिसत होतं.

मानपाड्याला उतरताच नाकात तिखट वास शिरला. महेश नाक्यावर उभा होता. "अगं ताई, कुठे गेलेलीस? किती फोन केले मी!" म्हणत त्याने पिशवी घेतली.

त्याचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबट शेड. ओळीने टाक्या, आणि निकेलच्या टाकीतलं पाणी गडद हिरवं. एखाद्या बंद पडलेल्या विहिरीसारखं, पण शेवाळाशिवाय. त्यात तारेला टांगलेले नळ बुडत होते आणि चकचकीत होऊन वर येत होते. महेशचे हात मनगटापर्यंत भेगाळलेले होते. "निकेलची खाज," तो म्हणाला. "काहींना धार्जिणं नसतं. मलाही नाही. पण आता दुसरं काय करणार?"

मी डबी उघडली. मामाच्या अंगातला तुकडा पाहून तो आधी त्याच्या पाया पडला, मग त्याने लोहचुंबक जवळ नेलं. तुकडा हलला नाही.

"नुसतं निकेल असतं तर चिकटलं असतं. हे तांब्यात मिसळलेलं निकेल. पाच रुपयांचं जुनं जाडं नाणं आठवतं? जवळपास तोच धातू."

"पण हे आतून पोकळ कसं?"

"हे नुसतं वरचं कवच आहे ताई. आत शिसं असतं. शिसं मऊ, तसंच उडवलं तर बंदुकीच्या नळीत घासून बसतं. म्हणून त्याला हा अंगरखा घालतात." त्याने कवचाच्या पोकळीत बोट फिरवलं. "शिसं चितेत वितळून गेलं असणार. हे नाही वितळलं."

"कुणाची गोळी, ते कळेल?"

त्याने मान हलवली. "धातूवर नाव नसतं गं."

दुपारी मी एकटीच कोपरला गेले. काकांची इमारत वस्तीच्या टोकाला होती. गच्चीवरून खाडी दिसते, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. मी "जय भीम, काका" म्हणून वाकले. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि शेजारी बसवून घेतलं. सुनेने तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले लहान मासे) कालवण वाढलं. बाबा गेल्यापासून मी मासे खाल्ले नव्हते, पण त्या माउलीला नको म्हणवेना.

जेवण झाल्यावर मी ते कवच काकांच्या तळहातावर ठेवलं.

"हीच का ती," ते म्हणाले. त्यांनी ती उजेडाकडे धरून फिरवून पाहिली.

"आईने विचारलंय, कुणाची?"

"बघून नाही सांगता येत पोरी. तवा जुनी इंग्रजी रायफल आमच्यातल्या काहींकडं होती, अन् दुश्मनाकडंबी. नळी तीच, गोळी तीच."

"बाबा तापात आईला म्हणाले होते, मागून आली."

काकांनी डोळे मिटले. सून आत गेली.

"मागनंच आली," ते म्हणाले. "आम्ही कालव्याच्या बांधावर पुढं सरकत होतो. तिन्हीसांज. आमच्या मागं डोक्यावरनं मारा करायला आपली पोरं होती. अन् तेवढ्यात दुश्मनाची एक टोळी वळसा घालून मागं शिरली. कोण कुठनं मारतोय, कुणालाच दिसंना. तुझा बाप पडला. मी त्याला उचलला."

"मग?"

"मागच्या पोरांत शंकर व्हता. तुमच्या शेजारच्या गावचा. त्यानं मारली असं नाही. पण आपल्याच कुणी मारली असंल, तर त्याच बाजूनं. त्यो रातभर रडत व्हता, 'दादा, माझीच तर नसंल?' आणि दोन दिवसांनी त्यो लढाईत गेला. तुझा बाप दवाखान्यात पडल्या पडल्या मला म्हणाला, 'कांबळ्या, चौकशी झाली तर समोरनं आली म्हन. मेलेल्या पोराच्या आईला हे नगं कळाया.' मी तसंच सांगितलं."

मला एकदम बाबांच्या दिवाळ्या आठवल्या. दर पाडव्याला ते सायकलवर पिशवी अडकवून शेजारच्या गावी जात. पिशवीत एका म्हातारीसाठी लुगडं आणि फराळ असे. आई धुसफुसायची, "कोन लागती ती तुमची?" बाबा उत्तर देत नसत. ती म्हातारी म्हणजे शंकरची आई, हे मला आता उमगलं.

काकांनी कवच माझ्या मुठीत परत दिलं. "हे पाण्यात टाक नाहीतर ठेव. पण वहिनीला खोटं सांगू नको. आता खोटं राखायला कोण उरलंय?"

परतीच्या बसमध्ये मी खोटंच घोकत होते. 'शत्रूची होती', एवढं म्हटलं की संपलं. आईला एवढंच तर हवं होतं. पन्नास वर्षं बाई नवऱ्याचं दुखणं चेपत आली, तिला बोट दाखवायला एक दिशा हवी होती. घाट चढताना मला महेशचे भेगाळलेले हात दिसत राहिले आणि ते हिरवं पाणी. नळावर चढतो, नाण्यात पडतो आणि माणसाच्या हाडातही बसतो, असा हा थंड धातू. त्याला कशाचं काही नाही. जे काही असतं ते माणसांनाच असतं.

आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि काका बोलले ते जसंच्या तसं सांगितलं, पाडव्याचं लुगडं कुणाला जायचं तेही. ती निवडायची थांबली नाही. सांगून झालं तरी तिचे हात चालूच होते.

"म्हंजी नक्की कळलं न्हाईच," ती म्हणाली.

"नाही."

"मग राग धरू कुनावर?"

 तिने सूप खाली ठेवलं.

"शंकरची आई हाय का गं अजून?"

"नाही. जाऊन चार-पाच वर्षं झाली."

"तिला कळलं न्हाई न्हवं?"

"नाही कळलं."

आईने मान हलवली. मग कितीतरी वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं तशी ती रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.