एकतीस नंबरची कविता

भिंगरीची आई आणि मी एकाच बाइंडिंगमध्ये काम करतो. छापून आलेले मोठमोठे ताव घडी घालून आठपानी, सोळापानी करायचे. ती हे सव्वीस वर्षं करते आहे. हातात हाडाची चपटी पट्टी, ती घडीवरून एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवावी लागली तर तिला स्वतःचाच राग येतो. छापलेलं ती कधी वाचत नाही. "वाचत बसले तर घडी कोण घालेल?" म्हणते.

भिंगरी तिची एकुलती मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता तेवीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि दिवसभर एका स्टुलावरून हलत नाही. आणि कविता करते. हे तिच्या आईला ठाऊक नव्हतं, मला होतं. लेकरं आईपासून लपवतात ते मावशीला सांगतात, आणि मी सख्खी नसले तरी मावशीच.

फोनवर तिचा एक कवितांचा गट होता. दीडशे पोरंपोरी, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. एक ग्रंथपाल गट चालवायचे. नेम असा, की रोज एक कविता टाकायची. गेल्या वर्षी भिंगरीच्या हातून फोन पडला आणि पडद्याचा उजवा भाग काळा झाला. दुरुस्तीला टाकला तर आठवडाभर नेम मोडणार, म्हणून तिनं तो तसाच ठेवला. पण तीन शब्दांपुढचं दिसेना. मग तिसऱ्या शब्दावर ओळ तोडायची, खाली यायचं.

गटाला हे काय माहीत? त्यांना वाटलं, ही नवी तऱ्हा. ग्रंथपालांनी त्या तऱ्हेला 'श्वासाची ओळ' असं नावसुद्धा दिलं. चार महिन्यांत अर्धा गट तीन-तीन शब्दांत लिहू लागला. भिंगरीला आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं. "मावशी, आता सांगितलं तर सगळ्यांचं तोंड पडेल," म्हणायची. सांगायचं राहून गेलं.

गटात एक वायरमन होता, खरोखरचा, घरोघरी वायरिंग करणारा. आधी तो लांबलचक यमकांचं लिहायचा, पण त्यात पक्कड, फ्यूज, शिडी असं हातातलं काहीतरी हमखास असायचं. भिंगरी तेव्हा चंद्र आणि समुद्र लिहीत होती. समुद्र तिनं पाहिलेला नाही. त्याचं वाचून ती काचांवर लिहू लागली, आणि तिचं वाचून तो ओळी तोडू लागला. कुणी कुणाला विचारलं नाही.

मग गटाचं पुस्तक काढायचं ठरलं. वीस कविता. आमचं बाइंडिंग भिंगरीनंच सुचवलं, आणि मला म्हणाली, "माझी लागली तर तो ताव आईच्या हातून जाईल. तू तेव्हा तिला थांबव. पान दाखव. मी समोर नको." मी देवाजवळ माझ्यासाठी सहसा काही मागत नाही, पण हे तिच्यासाठी रोज मागितलं.

निवड रविवारी दुपारी फोनवरच होणार होती. ग्रंथपाल धरून तिघं निवडणार, बाकीचे ऐकणार. कवितांवर नावं नाहीत, फक्त नंबर. यादी होईपर्यंत कुणी आपली कविता सांगायची नाही. सांगितली तर ती बाद. आई आतल्या खोलीत पडली होती. भिंगरी आणि मी बाहेर, फोन मांडीवर, आवाज बारीक.

एकोणीस निवडून झाल्या. भिंगरीची एकतीस नंबरची अजून आली नव्हती. एकच जागा उरली आणि दोन कविता.

ग्रंथपालांनी आधी अठरा वाचली. फ्यूज बदलला, घर उजळलं, शिडी खाली आली, अशी. मग एकतीस:

काचेवर खूण करते
मग पुसते
समोरचा म्हणतो
आता दिसतंय
मी विचारत नाही
काय

"अठरा त्या श्वासाच्या ओळीवाल्या मुलीचीच," ग्रंथपाल म्हणाले. "फ्यूज आणि काचा आता सगळेच लिहितात, पण तिचा श्वास लगेच ओळखू येतो. एकतीस मात्र नक्कल आहे. सरळ चोरी म्हणा."

भिंगरीचा हात माझ्या मनगटावर आला.

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मला एकतीस जास्त भावली. परत वाचा."

तिसऱ्यांचं मत अजून यायचं होतं. तेवढ्यात पडद्यावर वायरमनचा निरोप आला, फक्त भिंगरीला, अर्धा दिसणारा; उरलेला अंदाजानं वाचला. 'अठरा माझी आहे. नाव उघडलं की मलाच चोर म्हणतील. मी गट सोडतो.'

"गप्प बस," मी हळूच म्हटलं. "बाई तुझ्या बाजूनं आहेत. दोन मिनिटं थांब."

"आणि त्याचं काय?"

तोंडानं नामस्मरण चाललं होतं, पण मला काय हवं होतं ते देवाला कळत असणारच. मुलगी गप्प राहावी एवढंच.

तिनं बोलायचं बटण दाबलं.

"एकतीस माझी आहे," ती म्हणाली. आवाज चढला होता. "माझा फोन फुटलाय. तीन शब्दांपुढचं दिसत नाही म्हणून मी ओळ तोडते. श्वासबिस काही नाही, सर. अठरा वायरमनची आहे, पक्की त्याचीच. तो चोर असेल तर मीही आहे, कारण कामाचं लिहायला मी त्याच्याकडून शिकले."

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं.

ग्रंथपाल म्हणाले, "माझं चुकलं. पण नियमानं एकतीस बाद."

"हो सर."

अठरा पुस्तकात गेली. भिंगरीनं फोन पालथा ठेवला. दारात आई उभी होती, केस विस्कटलेले.

"कोण चोर?"

मला सांगावंच लागलं सगळं. पोरगी मान खाली घालून बसलेली. आईनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं तर. रोज डब्यातलं लोणचं मागतेस, हे नाही बोललीस."

मग ती आत गेली आणि छपाईत वाया गेलेला, एका बाजूनं कोरा अख्खा ताव घेऊन आली. फरशीवर पसरला.

"लिही इथं. इथं तरी सगळं दिसेल ना?"

भिंगरी गुडघ्यांवर बसली. 'काचेवर खूण करते' लिहिलं आणि हात थांबला. उजवीकडे हातभर पांढरं. मग पुढे गेली, त्याच ओळीत, पार कडेपर्यंत. फोनवर नव्हते असे शब्द आले. दुकानात येणारे म्हातारे आले, आईचे डोळेही आले, जे आता सुईत दोरा ओवू शकत नाहीत.

आईनं ताव उचलून, दूर धरून, सावकाश वाचलं. ताव खाली ठेवला, कोपऱ्याला कोपरा जुळवला, घडी घातली. खिडकीतली हाडाची पट्टी उचलून घडीवरून फिरवली.

मग परत एकदा फिरवली.

"उद्या दुकानातून येताना माझ्यासाठी काचा बघ," ती म्हणाली.