मागचं उजवं चाक

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कानसेन राहत. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. गाण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते ऐकत गाड्या. संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीवर एका शब्दात निकाल द्यायचे. "फॅनबेल्ट." "सायलेन्सर." कुणी म्हणालं, "अहो, कालच सर्व्हिसिंग केलंय," तर शांतपणे "वाटलंच," म्हणायचे.

त्या काळात सोसायटीतली मुलं हिंजवडीत नोकरीला लागत होती आणि दसरा आला की पार्किंगमध्ये झेंडूचे हार घातलेल्या नव्या गाड्या उभ्या राहत होत्या. कानसेनांची एसयूव्ही मात्र जुनीच. एक दार लावलं की दुसरं उघडायचं. लष्कराच्या कारखान्यात यंत्रं तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे दुरुस्ती घरचीच. "नवी का घेत नाही?" असं कुणी विचारलं, तर "हिला काय झालंय?" हा उलट प्रश्न ठरलेला.

गाडी चालू असताना आत बोलायला बंदी होती. "गाडी बोलत असते, आपण ऐकायचं." त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, शेजारच्या सीटवर वर्षानुवर्षं शेंगा सोलत गप्प बसल्या. स्वारी खुशीत असली तर त्यांना शिकवणीही मिळायची. "वळणावर बाहेरच्या चाकावर भार येतो. तेव्हा ज्याचा आवाज वाढेल, ते दुखणाईत." काकू मान हलवायच्या. ऐकत होत्या की नाही, देव जाणे.

एका हिवाळ्यात त्याच गाडीच्या मागच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. वेग वाढवला की वाढायचा. "मागचं बेअरिंग. डावं," कानसेन म्हणाले. रविवारी लेकीला बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आणायचं होतं. अवघडलेल्या पोरीला घेऊन घाटातून यायचं, म्हणजे चाकाचा भरवसा हवाच. त्यांनी नाना पेठेतून नवं बेअरिंग आणलं, गाडी जॅकवर चढवली आणि चाकामागचा गंजून बसलेला हब, तो ओढून काढायचं पुलर लावून आणि शिव्या घालून, एकदाचा सोडवला. पाने हातात द्यायला मी होतो. शिव्यांचा निम्मा वाटा मला मिळाला.

मग काकूंना घेऊन आम्ही तिघं आळंदी रस्त्याने चक्कर मारायला निघालो. आवाज होता तसाच होता. मी मागे बसून खिडकीबाहेर पाहू लागलो. "नवं आहे," कानसेन म्हणाले, "बसायला जरा वेळ लागतो." हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

तेव्हा काकू त्या गाडीत पहिल्यांदा बोलल्या. "अहो, डावीकडे वळलं की वाढतोय. म्हणजे उजवं."

कानसेनांनी गाडी बाजूला घेतली. आता काकूंची खैर नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी गाडी सुरू करून पुन्हा डावीकडे वळवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "वाढला?"

"वाढला."

त्या माणसाला 'आवाज येतो का' असं दुसऱ्याला विचारताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजवं चाक उतरवलं. जुनं बेअरिंग हातात धरून फिरवलं, तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. कानसेनांनी ते पुसलं आणि काकूंच्या तळहातावर ठेवलं. रविवारी लेक सुखरूप घरी आली. पुढे डॉक्टरांनी कानसेनांचे कान तपासल्यावर उलगडा झाला. त्यांचा उजवा कान कधीच गेला होता, त्यामुळे जगातला प्रत्येक आवाज त्यांना डावीकडूनच यायचा आणि उजवीकडे वाढलेला कळायचाच नाही. डॉक्टरांनी यंत्र सुचवलं, तर कानसेन काकूंकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आहे की." त्यानंतर गाडीत बोलायची बंदी उठली. काकू सांगायच्या आणि ते ऐकायचे.

कानसेन जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गाडीही राहिली नाही. काकू संध्याकाळी गॅलरीत बसतात. परवा मी गाडी लावून जिन्याकडे निघालो, तर वरून हाक आली.

"मागचं उजवं चाक दाखवून घे रे."

"मला तर काहीच आवाज येत नाही, काकू."

काकूंनी हातातली शेंग फोडली.

"उजवीकडचा ह्यांनाही येत नव्हता," त्या म्हणाल्या.