आक्काच्या खोलीचा पाया

आमच्या आप्पांना कुठलीही गोष्ट अर्धवट सुरू करणं पटायचं नाही, म्हणून ती सुरूच व्हायची नाही. खासबागेतल्या आमच्या जागेवर घर बांधायचा परवाना मिळून दोन वर्षं होत आली, तरी तिथं गवताशिवाय काही उगवलं नव्हतं. "सगळं जमून आलं की एकदमच बांधू," असं ते शांतपणे सांगायचे आणि आई भांडी आपटायची.

काम सुरू करायची मुदत संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा सरकारी इंजिनिअर जागा बघायला आले. आप्पा निवांत होते. भूमिपूजन कधीच झालं होतं आणि त्याचे फोटो त्यांनी पिशवीत घालून नेले होते. पाच विटा, हळदकुंकू, टोपी घालून बसलेले आप्पा, सगळं होतं. साहेबांनी फोटो मनापासून पाहिले, विटांना हातही जोडले आणि कानडीत म्हणाले, "पूजे बेरे, केलसा बेरे, सर." पूजा वेगळी, काम वेगळं. पाया खणून त्यात दगड बसलेला दिसला तरच काम सुरू झालं असं धरणार. नाहीतर परवाना रद्द, पुन्हा अर्ज, आणि नव्या नियमानं रस्त्याकडेला आणखी जागा सोडायची.

ती जागा म्हणजे नेमकी आक्काची खोली.

आक्का ही आप्पांची थोरली बहीण. त्यांची आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, मास्तर केलं, आणि स्वतः निपाणीत भाड्याच्या खोलीत विड्या वळत राहिली. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोली तुझी, असा शब्द आप्पांनी तिला दिला होता. चाचरत त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मग बोलत काय बसलाईस? खण की रं!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती स्वतःच हजर झाली. पदर खोचला, गवंड्याच्या हातातली कुदळ घेतली आणि चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषेवर पहिला घाव घातला. बाकीचं घर राहू दे, ही एक खोली तरी वर येऊ दे, असं ठरलं. मी नुकतीच कॉलेजात गेले होते आणि मातीत हात घालायची मला लाज वाटत होती. "बघत काय उभारलीस गं? घमेलं उचल," ती खेकसली. तीन दिवसांत पाया झाला. साहेबांनी टेप लावून मोजलं आणि कागदावर काम सुरू असल्याचं लिहिलं. ती ओळ आप्पांनी आक्काला तीनदा वाचून दाखवली. इतकं खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

घर उभं राहायला पुढं चार वर्षं लागली. आप्पा खोलीची किल्ली घेऊन निपाणीला गेले. आक्कानं ती पदराच्या गाठीत बांधली, पण आली नाही. "हाय न्हवं माझी खोली? मग झालं." सणाला आली तरी आमच्यातच मधल्या खोलीत झोपायची. मला तिचा राग यायचा. आप्पा मात्र दर रविवारी त्या खोलीचा केर काढायचे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं गाठ सोडून किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली. त्या खोलीत ती एकोणीस दिवस राहिली. शेवटी शेवटी तिनं खाट कोपऱ्यात सरकवायला लावली आणि भिंतीच्या तळाशी हात फिरवत राहिली. "हितं लई मोठा दगड लागलता गं. तुझ्या आप्पाला हलंना. मीच काढलता."

आप्पा दारात उभे होते. तिनं त्यांच्याकडं मान वळवली.

"मुदतीच्या आत आले न्हवं रं मी?"

आप्पांनी खाटेशी बसून किल्ली पुन्हा तिच्या पदराच्या गाठीत बांधली.