अलकाचे दोन कागद

अलकाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. "ताई, अलका गेली," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पाण्यात?" नंतर कळलं, त्याने ज्याला ज्याला कळवलं त्या प्रत्येकाने हेच विचारलं होतं. "न्हाई ताई," तो म्हणाला, "पाण्यात न्हाई. डेंगीनं..."

आमचं दोघींचं माहेर नेवाशाचं, शाळा एक, बाकही एकच. तिचे वडील प्रवरेत जाळं टाकायचे, त्यामुळे चालायला शिकली त्याच सुमारास ती पोहायलाही शिकली असावी. सातवीत असताना तिने नदीत घसरलेल्या एका म्हातारीला केसांना धरून काठावर आणलं होतं आणि मग ओल्या कपड्यांनीच वर्गात येऊन बसली होती. पुढे मी नगरला शिक्षिका झाले, तीही लग्न होऊन नगरलाच आली. नवरा एमआयडीसीत कामाला होता. त्याची कंपनी बंद पडली आणि तो घरात जो बसला तो बसलाच. तेव्हा अलकाने ठरवलं, आपल्याला जे येतं त्यावरच घर चालवायचं. पोहण्याच्या तलावावर लाईफगार्ड व्हायचं.

कुठेही विचारलं की पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. त्यातही दोन प्रकार निघाले. एक फक्त तलावापुरतं, पुण्यात थोड्या दिवसांत होणारं. दुसरं समुद्राचं, त्यासाठी कोकणात जाऊन राहायचं, लाटांमध्ये उतरायचं, फीसुद्धा जास्त. एका रविवारी ती माझ्याकडे आली आणि मी ओळखीपाळखीने फोन लावत बसले. एकाने सांगितलं, पुण्याचं पुरेसं आहे. दुसरा म्हणाला, आम्ही समुद्राचंच धरतो. तिसऱ्याला या दोन्हींत फरक काय तेच ठाऊक नव्हतं. अलका गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होती. "मला पवायला येतंय, बुडनाऱ्याला काढायला येतंय," ती म्हणाली. "कागद तेवढा कुठला घेऊ ते सांग."

शेवटी तिनेच निवडलं. मुलगी दहावीला होती, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि नगरला समुद्र कुठून येणार? तिने तलावाचं घेतलं. तिचं यात काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुण्याहून पास होऊन आली तेव्हा खुशीत होती. पण पुणे रस्त्यावरच्या ज्या रिसॉर्टने तिला बोलावलं होतं, त्यांना तोवर समुद्राचं सर्टिफिकेट असलेला मुलगा मिळाला होता. एका तलावावर बाई नको होती. एका ठिकाणी वय आडवं आलं. बहुतेक ठिकाणी नुसतं 'कळवतो' म्हणाले... मुलगी बारावी झाली, सासू वारली, मग अलकाने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि कोकण गाठलं. तिथून तिने एकदाच फोन केला. नदी एकाच अंगाला ओढती, समुद्र आधी ढकलतो आन मग ओढतो, असं काहीतरी सांगत होती. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

तेही पदरात पडलं. पण परत येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली होती, आणि नगरमधल्या ज्या क्लबात बायकांच्या बॅचसाठी जागा निघाली, त्यांना तलावाचंच हवं होतं, तेही चालू मुदतीचं. त्यांनी तिला कपडे बदलायच्या खोल्या झाडायचं काम देऊ केलं. तिने ते घेतलं. बायकांच्या बॅचला तिथला लाईफगार्ड मुलगा संकोचाने तोंड फिरवून बसायचा. पाण्याकडे लक्ष ठेवायची ती अलकाच, हातात ओलं फडकं घेऊन. मग उन्हाळ्यात पाणीटंचाई आली आणि तलाव रिकामा केला. त्याच्या तळाच्या फरशा तिनेच घासल्या आणि त्यानंतर तिला घरी पाठवलं.

आमची शेवटची भेट एसटी स्टँडवर झाली. चहा निवत होता आणि ती कपाकडे बघत म्हणाली, "आता पयला कागद परत काढायचा, म्हनं. तो काढूस्तवर दुसऱ्याची मुदत सरंल. मग दुसरा..." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. गाडी लागली, ती पिशवी उचलून निघाली, आणि मी तिला एवढंही म्हणू शकले नाही की होईल काहीतरी. कारण काही होणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

पावसाळ्यात ताप आला. साधा असेल म्हणून अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

दहावा नेवाशाला झाला, प्रवरेच्या घाटावर. नदी भरून वाहत होती आणि गावातली पोरं एकापाठोपाठ एक उड्या मारत होती. अलका माहेरी आली की घाटावर धुणं घेऊन बसायची, आणि शेवटचं पोर बाहेर निघेपर्यंत पाण्याकडे पाठ करायची नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचा पगारही देत नव्हतं. विधी उरकले, माणसं जेवायला वर निघाली. तिच्या भावाने मला हाक मारली, "चला ताई." पोरं अजून पाण्यातच होती. मी जागची हलले नाही.

मला पोहता येत नाही.