थर्ल हॅस्किन्सचं पेडल स्टील

ऑइलडेल या आमच्या तेलविहिरींच्या गावात थर्ल हॅस्किन्ससारखं पेडल स्टील वाजवणारा दुसरा कोणी नव्हता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त त्याच्या बायकोला.

पेडल स्टील म्हणजे चार पायांवर आडवी ठेवलेली गिटार. वाजवणारा तिच्यापुढे खुर्ची घेऊन बसतो, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवतो आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो. मग त्या तारा अशा काही कळवळतात की ट्रकवाले गडीसुद्धा आपापल्या ग्लासात बघत बसतात. थर्लने आपलं स्टील जुन्या मोटारींच्या सळ्या जोडून घरीच केलेलं होतं. दिवसा तो तेलाच्या पंपांची देखभाल करायचा आणि शुक्रवार-शनिवार माझ्या बारमध्ये वाजवायचा. बार माझा, म्हणजे नवऱ्याने मागे ठेवलेला. ठेवण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

त्याची बायको लिओटा कडक चर्चमधली. लांब बाह्या, केसांना जन्मात कात्री नाही, आणि बार म्हणजे सैतानाचं अंगण. पण बाई कजाग नव्हती हं. थर्लचे वेलबुट्टीचे शर्ट ती स्वतः इस्त्री करायची, कॉलरला खळ घालून. फक्त एकच गोष्ट तिने लग्नातच सांगून टाकली होती, तुझं ते वाजवणं माझ्या कानावर यायला नको. म्हणून घरी तो स्टीलला वीज न जोडता सराव करायचा. तारांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. एवढ्या वर्षांत तिला नवऱ्याच्या संगीतातलं पायपट्ट्यांचं कुरकुरणं तेवढं माहीत.

थर्ल याबद्दल कधी बोलला नाही. पण त्याचा ट्रक बिघडला की लिओटा त्याला गाडीने मागच्या दाराशी सोडायला यायची, आणि त्या दिवशी तो आत आल्या आल्या म्हणायचा, "वेल्डा, मागचं दार जरा उघडं ठेव. उकडतंय." मग घाईघाईने स्टील जोडून वाजवायला बसायचा. मी दारातून बघायची. भर उन्हाळ्यात ती बाई गाडीच्या काचा वर करून, घामाने निथळत, गाडी वळवून निघून जायची. थर्ल मान खाली घालून वाजवत राहायचा. मला त्या दोघांचा इतका राग यायचा आणि तितकंच वाईटही वाटायचं.

अडुसष्ट सालच्या वसंतात डोंगरापलीकडून, लॉस एंजेलिसहून, ती चार पोरं आली. केस खांद्यापर्यंत. किप नावाचा त्यांचा म्होरक्या बारच्या दारात उभा राहिला तेव्हा आमचा कॉय स्टँसिल, जो सकाळपासून स्टुलाला चिकटलेला असतो, तो म्हणाला, "पोरी, आई कुठाय तुझी?"

"लॉस एंजेलिसला," किप म्हणाला. "तुमचा बँड ऐकायला आलोय."

"न्हाव्याला द्यायला पैसे नसतील तर सांग, आम्ही वर्गणी काढतो."

पोरगं हसलं आणि थर्लसमोर जाऊन बसलं. तिकडे शहरात ही पोरं कान फाटतील असं रॉक वाजवायची. पण कुठल्याशा जुन्या बाजारात त्यांना आमच्या लोकांच्या तबकड्या सापडल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. ड्रम आणि विजेच्या गिटारी रॉकच्या, आणि गाणी व स्टील आमचं, असं काहीतरी त्यांना करायचं होतं. आज रेडिओ लावला की तेच ऐकू येतं, तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. आमचे लोक म्हणायचे ही हिप्पी गाणी, त्यांचे मित्र म्हणायचे ही गावंढळ गाणी. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा.

थर्लला मात्र ती पोरं आवडली. मूलबाळ नव्हतं, तेही असेल. त्याने त्यांना घरी नेलं. लिओटाने केसांकडे बघून आधी प्रार्थना केली, मग मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ वाढली. दर आठवड्याला पोरं तिथेच जेवायला लागली.

लिओटा भांडी घासताना चर्चमधली गाणी गुणगुणायची, तीही वरची चाल नाही, खालचा, साथीचा आवाज. चर्चमध्ये ती तोच आवाज गायची. किप भांडी पुसता पुसता विचारायचा, "मॅम, हा दुसरा आवाज कसा बसवता तुम्ही?" आणि ती त्याला शिकवायची. पोरांच्या आवाजात पुढे जो गोडवा आला तो तिच्या मोरीपाशी आलाय, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

जूनमध्ये थर्ल मला म्हणाला, "वेल्डा, पोरांना एक शनिवार दे."

"माझी गिऱ्हाइकं त्यांना कच्चं खातील."

"मी बसतो ना त्यांच्याबरोबर."

मी संध्याकाळी लवकरची वेळ दिली, नेहमीच्या बँडच्या आधीची. आणि स्पष्ट सांगितलं, लोक नाचले तर पुढचा शनिवार मिळेल. आमच्याकडे टाळ्यांना किंमत नाही. नाचायची फरशी भरली तर बँड चांगला, रिकामी राहिली तर सामान उचला.

त्या शनिवारी ऊन अजून खिडक्यांत होतं आणि फरशी रिकामी. पोरं वाईट वाजवत नव्हती. पण दोन गाण्यांच्या मध्ये ती तारा जुळवत बसायची, आणि उठू बघणारं जोडपं तेवढ्यात परत खाली बसायचं. ड्रम असा बदडला जात होता की बायका कानांवर हात ठेवत होत्या. कॉय मोठ्याने म्हणाला, "थर्ल, सर्कशीत किती पगार देतात रे?" थर्लचे कान लाल झाले. त्याने मान वर केली नाही.

किप घाबरला होता. त्याने मागे वळून इतरांना काहीतरी सांगितलं आणि ड्रम थांबले. तिघं एका माइकपाशी आले आणि त्यांनी लिओटाने मोरीपाशी शिकवलेलं गाणं सुरू केलं. नदीपलीकडे आपलं घर आहे, तिथे सगळे भेटू, असं जुनं देवाचं गाणं.

थर्लचे हात तारांवरून उचलले गेले. त्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. देवाचं गाणं, बिअरच्या बारमध्ये, आणि तेही तिच्याकडून घेतलेलं. त्याच्या चेहऱ्यावर राखेचा रंग आला.

आणि त्याच वेळी दारातून लिओटा आत आली. हातात पर्स, अंगावर घरातला ॲप्रन तसाच. किपने दुपारी तिला मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं, आज तुमचं गाणं गाणार आहोत. चर्चचं तोंडही न पाहिलेलं पोर ते, त्याला वाटलं बाई खूश होईल. बाई गॅस बंद करून तडक इकडे निघाली होती, गाणं बंद पाडायला.

मी काउंटरमागून पुढे झाले. पण ती दारापाशीच थांबली होती, कारण बारमध्ये भलतंच काही चाललं होतं. आमचे सगळे लोक असल्याच चर्चांमधून वाढलेले. कॉय स्टँसिलने ग्लास स्टुलाखाली लपवला होता, लहान मुलं काही लपवतात तसा. पुरुषांनी हॅट काढून मांडीवर ठेवल्या होत्या. देवाच्या गाण्यावर आमच्याकडे कोणी नाचत नाही आणि पीतही नाही. किपला बिचाऱ्याला वाटत होतं सगळं बुडालं, आणि तो रडवेल्या आवाजात गात होता.

लिओटा काउंटरला धरून उभी राहिली. "त्याला सांगू नकोस मी आलेय म्हणून," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या कडव्यानंतर पोरं थांबली. आता स्टीलची पाळी होती. थर्लने क्षणभर डोळे मिटले आणि वाजवायला घेतलं. त्याला मी अनेक वर्षं ऐकलं आहे, पण असं नाही. एकेक सूर तो जपून खाली ठेवत होता, झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा. चूक झालीच आहे, आता निदान नीट तरी वाजवावं, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

लिओटाने माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

"वेल्डा, लोकांना वाटतं मी त्याच्यावर चिडते," ती म्हणाली. "मी चिडत नाही गं. मला भीती वाटते. मी वर जाईन आणि याला आत घेणार नाहीत. मग त्याच्यावाचून मी तिथे काय करू? मला करमणार नाही."

मी नुसता तिचा हात दाबला.

गाणं संपलं. थर्लने मान वर केली आणि त्याला ती दिसली. तो इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली.

"लिओटा, मला माहीत नव्हतं गं. पोरांची काही चूक नाही."

"खाली बस," ती म्हणाली. सगळा बार ऐकत होता. "शेवटचं कडवं गाळलंत तुम्ही. देवाला अर्धं गाणं देतात का?"

"ते आम्हाला येत नाही, मॅम," किप म्हणाला.

"मला येतं."

ती रिकाम्या फरशीवरून चालत पुढे गेली आणि माइकला हात न लावता, स्टीलपाशी उभी राहून गायली. पोरांनी वरचा आवाज धरला, ती खालच्यात. थर्ल तारांकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. दोनदा चुकला. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

कडवं संपल्यावर ती परत माझ्याकडे आली. मी पाण्याचा ग्लास दिला. तिने तो तसाच धरून ठेवला.

"हे ऐकलं तर देव त्याला बाहेर ठेवणार नाही," ती म्हणाली.

"नाही ठेवणार," मी म्हणाले.

"मग इतकी वर्षं मी काय केलं गं?" ती म्हणाली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ॲप्रनचं टोक तोंडाला लावून रडायला लागली.

मी एक खुर्ची उचलली आणि तिच्यासाठी थर्लच्या शेजारी नेऊन ठेवली.