गोटीरामचा अंगठा

मखमलाबादच्या गुलाबवाल्या गोटीरामच्या बढाया तुम्ही ऐकल्या नसतील, तर तुमचं नशीब बरं. चाळीस वर्षं त्याने हातमोज्यांशिवाय फुलं तोडली. "काटेच मला घाबरत्यात," असं नव्या सुनेलाही पहिल्याच आठवड्यात ऐकवून झालं. सून तेजस्विनी सातपाटीकडची, समुद्रकाठची. ती नुसती हसली. ते हसणं त्याला लागलं, हे मला माहीत. मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

त्या रविवारी गोटीराम, तेजस्विनी आणि मी, त्यांचा शेजारी, असे तिघं बाजारात अंबूबाईकडे मासळी घ्यायला गेलो. बर्फाच्या खोक्यातून एक तांबूस, खडबडीत, दगडासारखा मासा निघाला. अंबूबाईलाही नाव सांगता येईना.

"गोबरा हाय हा," गोटीराम म्हणाला. "डोकं बघा की त्याचं!"

"नाना, डोकंच बघा," तेजस्विनी हळूच म्हणाली. "वर हाडाचे कंगोरे, गालावर काटे, अंगाला कातडीच्या झिरमिळ्या. गोबऱ्याला कुठे असतं असलं? विंचूमासा हा. तळाला खडकासारखा पडून राहतो. पाठीच्या काट्यांत विष असतं, मेल्यावरही. हात नका लावू."

चार गिऱ्हाईकं बघत होती. गोटीरामने पुढे केलेला हात मागे घेतला. तिथेच मिटलं असतं. पण माझी जीभ!

"काय गोटीराम, काटे घाबरतात ना तुला? का आता सुनेला विचारून हात घालायचा?"

त्याने घातला. पाठीवर अंगठा दाबला आणि असा ओरडला, की शेजारची कोंबडीवाली सुरी टाकून धावत आली.

तेजस्विनीने चहाच्या टपरीवरून गरम पाणी आणलं; उष्णतेने हे विष मंदावतं, म्हणाली. आधी स्वतःचं बोट बुडवून पाहिलं, मग त्याचा हात बुडवला. भर बाजारात साठीचा माणूस सुनेचा खांदा धरून रडत होता. "चुकलो गं पोरी, चुकलो." मी समोरच्या गाड्यावरची कोथिंबीर निरखत उभा.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "एवढं सांगूनही हात लावलात? कोणी भरीला घातलं?"

गोटीरामने माझ्याकडे पाहिलं. "माझीच मस्ती, दुसरं काय."

तेजस्विनीनेही पाहिलं. मग औषधाची चिठ्ठी घ्यायला डॉक्टरांपुढे हात केला.

आता दर रविवारी तो खोक्यापासून दोन पावलं मागे थांबतो नि सगळ्यांदेखत विचारतो, "पोरी, ह्याचं नाव काय गं?" ही गोष्ट गावभर मीच रंगवून सांगितली, अंगठ्यापासून रडण्यापर्यंत. फक्त माझं ते एक वाक्य दर वेळी गाळत आलो. आज लिहिलं.